मुख तेवढं

आमच्याकडे मयतीला उशिरा पोचलेला माणूस दारातच विचारतो, तोंड पाहायला भेटते का? तिरडी बांधून झालेली असते, रडून रडून बायकांचे आवाज बसलेले असतात, उन्हं उतरायच्या आत निघायला हवं म्हणून जाणती माणसं घाई करत असतात. तरी नागपूरहून निघालेली लेक अजून रस्त्यात आहे असा निरोप आला की सगळे थांबतात. ती येते. कोणीतरी चेहऱ्यावरचं कापड बाजूला करतं. ती पाहते, गालाला हात लावते, आणि मग कोणी सांगायची गरज न पडता स्वतःच मागे सरकते. त्या पाहण्यात नेमकं काय होतं ते मला सांगता येणार नाही. पण त्यानंतर तिरडी उचलली की ती अडवत नाही. जिला पोचता आलं नाही ती मात्र पुढे कित्येक वर्षं म्हणत राहते, माझ्यासाठी बाबा अजून दुकानातच बसलेले आहेत.

आर्णी अरुणावतीच्या काठी वसली आहे. उन्हाळ्यात ही नदी पाहिली तर हिच्यापासून कोणाला काही धोका असेल असं वाटत नाही. पावसाळ्यात वरच्या अंगाला झड लागली की तीच नदी ओळखू येत नाही. पुरात गेलेला माणूस सापडला तर घरात आक्रोश होतो, तेरवी होते, घर हळूहळू सावरतं. सापडला नाही, तर त्या घरात वेगळंच काहीतरी सुरू होतं. खालच्या अंगाच्या गावाकडून कोणी आलं की त्याला चहा पाजून विचारलं जातं. तो पोहणारा होता, हे आल्यागेल्याला सांगितलं जातं. डोक्याला मार लागून काही आठवत नसेल. तिकडे तेलंगणात कोणाच्या शेतावर राहिला असेल. एखाद्या आश्रमात असेल. कायदा अशा माणसासाठी सात वर्षं थांबतो आणि मग त्याला मेलेला धरतो. घर किती थांबतं याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

अशा घरातली बोलणी ऐकताना एक गोष्ट मनात बसली. आशा म्हटलं की आपल्याला काहीतरी धूसर, पातळ वाटतं. पण ही आशा फार काटेकोर असते. चप्पल कुठे सापडली, एकच सापडली की दोन्ही, शर्टाची बटणं लावलेली होती का, पाण्याला ओढ केव्हा वाढली, बाभळीची फांदी कोणत्या काठाला होती. पोलीस पंचनाम्यात विचारणार नाहीत इतकं बारीक ती माणसं विचारतात. प्रेम माणसाला आंधळं करतं म्हणतात, पण इथे मला ते भिंग लावून बसलेलं दिसलं.

हीच काटेकोर आशा मी 2015च्या पावसाळ्यात, कधीच नसलेल्या एका माणसासाठी पाहिली. त्या 10 जुलैला एस. एस. राजामौली यांच्या ‘बाहुबली’ सिनेमाचा पहिला भाग आला. पेरण्या आटोपल्या होत्या, डवरणीला अजून अवकाश होता, आणि यवतमाळला जाऊन पाहून आलेली पोरं बसस्टँडसमोरच्या टपरीवर येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होती. कटप्पाने बाहुबलीला का मारलं? तो प्रश्न तेव्हा देशभर फिरला हे खरं, पण आमच्याकडे तो जरा जास्त जवळचा वाटला असावा. पैनगंगेपलीकडे थोडं गेलं की तेलुगू कानावर पडायला लागते. कापूस वेचायला, मिरची तोडायला माणसं इकडून तिकडे जातात. तिकडचा राजपुत्र हिंदीत, आणि तोही शरद केळकरांच्या आवाजात बोलताना ऐकला की पोरांना तो परका वाटत नव्हता.

माझ्या पुतण्याला मात्र त्या प्रश्नात रस नव्हता. का मारलं हे विचारणाऱ्यांनी मारलं हे आधीच मान्य केलं आहे, असं त्याचं म्हणणं. तो तेव्हा शाळेत होता, आणि शाळेतला कोणताही धडा त्याने इतक्या चिकाटीने वाचला नसेल तितका त्याने तो शेवटचा प्रसंग वाचला. मोबाइलवर पुढे-मागे करून, थांबवून, मित्रांना दाखवून. मारलं हे सांगतो कोण? कटप्पा. दुसरा साक्षीदार आहे का? नाही. पाठीत तलवार शिरताना दिसते, भोवती आग दिसते. पण चिता दिसते का? कोणी अग्नी दिलेला दिसतो का? बाहुबलीची बायको देवसेना पंचवीस वर्षं साखळदंडात आहे, काटक्या गोळा करते आहे, पण ती चिता तिला डांबणाऱ्या भल्लालदेवासाठी रचते आहे. आणि कटप्पासारखा माणूस, ज्याने त्याला अंगाखांद्यावर खेळवलं, तो मर्मावर वार करेल का? वार दाखवायचा आणि माणूस वाचवायचा, असंच ठरलं असणार. मग बाहुबली कुठे आहे? धबधब्याखाली, जंगलात, कुठेतरी. दुसऱ्या भागात येईल.

“मेलाच नाही तो काका. आपल्याले दाखवलं का कुठं?”

त्याच्या मित्रांचे आणखी चार पोटभेद होते. एकाचं म्हणणं, कटप्पा खोटं बोलतो आहे, कारण कुणालातरी पाठीशी घालायचं आहे. दुसऱ्याचं, जो मेला तो बाहुबलीचा वेश घेतलेला कोणी दुसरा. मी त्यांच्यात जाऊन बसायचो. मला हे सगळं खुळं वाटलं नाही, आजही वाटत नाही. गोष्ट सांगणाऱ्याने कुठे काय झाकलं, कोणाच्या तोंडून काय वदवलं, कॅमेरा कोणत्या क्षणी वळला, हे ती मुलं ज्या बारकाईने पाहत होती तिला मी दुसरा शब्द वापरणार नाही : ते वाचन होतं, आणि ते उत्तम होतं. आवडत्या माणसाला परत आणायचं असेल तर गोष्टीतली फट शोधावी लागते, आणि फट शोधायची तर भिंत सगळी चाचपावी लागते.

आत्या ओसरीवर वाती वळत बसलेली असायची. तिने सिनेमा पाहिला नव्हता. पाहिला तो पुतण्याच्या सांगण्यातून. एका संध्याकाळी तिने वात वळता वळताच विचारलं, त्या म्हाताऱ्याचं त्या पोरावर प्रेम होतं म्हणता ना? पुतण्या म्हणाला, जीव होता. “मंग कोनंतरी हुकूम देल्ला असन. परशुरामानं मायले कायले मारलं? बापानं सांगतलं म्हणून. त्याचं प्रेम नोहोतं का मायवर?”

पुतण्या क्षणभर गप्प झाला आणि लगेच त्याचे डोळे चमकले. परशुरामाची आई तर जिवंत झाली होती. मंग बाहुबली पन जिता होईन?

“परशुरामानं बापाले वर मांगतला, बाबू. ह्या कटप्पाले वर देनारं कोन हाये?”

आर्णीच्या माणसाला हे उदाहरण आठवावं यात नवल नाही. आमचा रस्ताच माहूरला जातो. गाव सोडलं की दक्षिणेला सागाचं रान, मग धनोड्याला पैनगंगेचा पूल, आणि पलीकडे नांदेड जिल्हा आणि गडाची चढण. नवरात्रात माहूरहून ज्योत घेऊन पोरं रात्रभर पाळीपाळीने पळत येतात आणि पहाटे त्यांच्या पायांना पाणी घालायला बाया रस्त्यावर उभ्या असतात. माहूर आमच्यासाठी तीर्थ आहेच, पण त्याहून आधी ती ऐकलेली गोष्ट आहे. प्रत्येक घरात ती थोडी वेगळी सांगतात. माझ्याकडे आली ती आत्याकडून.

परशुरामाची आई रेणुका त्या गोष्टीत दोनदा जाते. पहिल्यांदा नवऱ्याच्या, जमदग्नींच्या रागापायी. मोठी मुलं ऐकत नाहीत, धाकटा ऐकतो, परशू चालवतो. बाप प्रसन्न होतो आणि वर माग म्हणतो. तेव्हा तो मागतो की आई उठावी. महाभारताच्या वनपर्वात ही कथा आहे, आणि तिथे त्याने आणखी एक गोष्ट मागितली आहे, जी सांगताना बरेच जण विसरतात : आपल्याला मारलं होतं हे तिला आठवू नये. आई उठते, झोपेतून उठावी तशी, आणि घरकामाला लागते. तिला काही आठवत नाही. परशुरामाने स्वतःसाठी मात्र विसरणं मागितलेलं नाही. ते घर पुढे कसं चाललं असेल, आई ताटात भाकरी वाढत असताना तो तिच्या मानेकडे पाहत असेल का, याबद्दल कथा काही बोलत नाही. मला मात्र ते सुटत नाही.

दुसऱ्यांदाची गोष्ट माहूरची. सहस्रार्जुनाने कामधेनूच्या लोभाने जमदग्नींना मारलं. परशुरामाने कावड केली, एका पारड्यात बापाचा देह, दुसऱ्यात आई, आणि कोरी भूमी शोधत निघाला. जिथे आधी कोणाचं दहन झालेलं नाही अशी जागा दत्तात्रेयांनी दाखवली ती ही. बाण मारून पाणी काढलं ते मातृतीर्थ. रेणुका सती गेली. सगळं विधिवत झालं, आणि मग तो पोरका मुलगा रडायला बसला. एवढं क्षत्रियांचं रक्त सांडणारा परशुराम लोककथेत इथे फक्त आईसाठी हंबरणारा पोर आहे. आकाशवाणी झाली : तुझी आई डोंगरावर जमिनीतून वर येईल, तू मागे वळून पाहू नकोस. त्याने पाहिलं. तोवर मुख वर आलं होतं. तेवढंच राहिलं.

माहूरच्या गाभाऱ्यात म्हणून हातापायांची मूर्ती नाही. मुख आहे, माणसाच्या उंचीला पोचेल एवढं, शेंदराने माखलेलं, चांदीचा मुकुट, कपाळभर मळवट, रुंद उघडे डोळे. मुखात तांबूल भरवलेला असतो. पायऱ्या चढताना दोन्ही बाजूंनी विडा कुटल्याचा ठक ठक आवाज येत राहतो, आणि वर पोचेपर्यंत कात, सोप, लवंगेचा वास कपड्यांना लागतो. गर्दी रेटत असते, पुजारी पुढे चला म्हणत असतात, आणि त्या दोन-चार क्षणांत बाया त्या मुखाशी भराभर बोलून घेतात. पोरीचं जमलं. यंदा पऱ्हाटी बरी आहे. सून नांदत नाही गं माय. पायांवर डोकं ठेवता येत नाही याची खंत तिथे कोणाच्या चेहऱ्यावर मी पाहिलेली नाही. मुख आहे ना, ऐकतं ना, झालं.

लहानपणी मला परशुरामाचा राग यायचा. एवढीशी अट, आणि ती पाळता आली नाही. आत्याही म्हणायची, मागं पायलं नसतं तं सगळी आली असती. ग्रीकांच्या ऑर्फिअसची गोष्ट वाचली तेव्हा चमकलो, कारण त्यानेही बायकोला पाताळातून आणताना असंच मागे पाहिलं होतं. पण त्याच्या वाट्याला काहीच आलं नाही. ती सगळीच्या सगळी परत गेली. आमच्या गोष्टीने तेवढी निष्ठुरता केली नाही. चूक तीच, पण मुख राहू दिलं. आता वाटतं, ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या ज्यांनी सांगितली त्या माणसांनी स्वतःच्या आया जाळलेल्या होत्या. सगळी आई परत आली असं त्यांनी सांगितलं असतं तर ऐकणाऱ्याला ते परक्याचं वाटलं असतं. अजिबात आली नाही म्हटलं असतं, तर माणूस डोंगर चढलाच नसता. त्यांनी मधलं काहीतरी शोधलं, आणि ते इतकं अचूक आहे की ते कोणी मुद्दाम रचलं असेल असं वाटत नाही. गेलेलं माणूस आठवताना आपल्याला त्याचे गुडघे, कोपरे, पाठ कुठे आठवते? मुखच वर येतं.

आणि आमच्या या टापूत पुरतं गेलेलं कोणीच नाही. दत्त काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि निजायला रोज माहूरला येतात. हे सांगताना भूतकाळ वापरणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आर्णीत बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघेही जातात, यात्रेच्या दिवसांत गाव माणसांनी भरून जातं, चादरी चढतात, नवस बोलले जातात, आणि जो तो बाबांना आत्ताची गोष्ट सांगत असतो. अशा गावात वाढलेल्या पोराला एका राजपुत्राचं मरण मान्य होत नव्हतं, तर त्यात त्याचं वावगं काय होतं?

खऱ्याखुऱ्या माणसाबाबत हे झालं की किती दूर जातं, ते मराठी माणसाला पानिपताने दाखवलं. 14 जानेवारी 1761च्या दुपारी पेशव्यांचे पुत्र विश्वासराव पडले, मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. पुढचं पाहिलेलं कोणी परत येऊन खात्रीने सांगू शकलं नाही. रणांगणावर शिर नसलेला देह मिळाला, त्याला अग्नी दिला गेला. शिर नसलेला देह! तोंड पाहिल्याशिवाय जिथे लेक तिरडी उचलू देत नाही, तिथे अख्ख्या मुलखाला मुखाविना प्रेत दाखवलं गेलं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई त्या मोहिमेत बरोबर होत्या. त्या पुण्याला परतल्या, पण त्यांनी कुंकू पुसलं नाही. पुढे बुंदेलखंडाकडचा सुखलाल नावाचा एक कनोजी ब्राह्मण, चेहऱ्यामोहऱ्याने भाऊंसारखा, मीच भाऊ म्हणून उभा राहिला. त्याला पकडलं, कैदेत ठेवलं, आणि 1776मध्ये तो सुटला तेव्हा कोकणात हजारो लोक त्याच्यामागे गेले, किल्ले त्याच्या हाती आले. शेवटी तो पकडला गेला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं.

इतिहास त्याला तोतया म्हणतो, आणि तो होताच. पण त्याच्यामागे गेलेल्यांचा विचार मनात येतो. ते सगळे फितूर किंवा लोभी असतील हे मला पटत नाही. कोणाचा भाऊ पानिपतावर राहिला होता, कोणाचा मुलगा. भाऊसाहेब परत आले असतील, तर मग आपलाही येईल. पंधरा वर्षांनी एक चेहरा दिसला आणि त्या चेहऱ्याच्या आधाराने प्रत्येकाने आपापलं माणूस उभं केलं. माहूरला मुख आलं आणि देह आला नाही. कोकणात मुख आलं, देह आला, फक्त माणूस तो नव्हता. पार्वतीबाई 1783मध्ये गेल्या. बावीस वर्षं त्या आपल्या मतावर राहिल्या. दरबाराचे पुरावे काय होते आणि त्यांच्या मनाजवळचे काय होते, हे दोन वेगळे कागद होते, आणि दुसरा कागद कोणी लिहून ठेवलेला नाही.

जगातही हेच चालतं. कॉनन डॉयल यांनी 1893मध्ये शेरलॉक होम्सला रायशेनबाखच्या धबधब्यात ढकललं. प्रेत सापडल्याचं लिहिलं नाही, आणि वाचकांनी तेवढी फट दहा वर्षं उघडी ठेवली. 1903मध्ये होम्स तिच्यातून परत आला. हॅरी पॉटरच्या सहाव्या पुस्तकात, 2005मध्ये, म्हातारा डंबलडोर मनोऱ्यावरून पडला, तर वाचकांनी तो मेलाच नाही हे सिद्ध करायला पुरावे गोळा केले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका कार्यक्रमात जे. के. रोलिंग यांच्यासमोर सलमान रश्दी आपल्या मुलासह उभे राहिले आणि त्यांनी आपला तर्क मांडला : त्याला मारणारा स्नेप मुळात चांगला असेल, तर डंबलडोर मेलेला असू शकत नाही. रोलिंग यांना सांगावं लागलं की नाही, तो खरोखरच गेला. या प्रसंगातले रश्दी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. 1989पासून ज्याच्या स्वतःच्या मरणाचा हुकूम निघालेला, ज्याने कित्येक वर्षं लपून काढली, तो माणूस मुलाच्या बरोबरीने उभा राहून एका जादूगाराच्या जिवासाठी वकिली करतो. यात पोरकटपणा शोधणाऱ्याने शोधावा. मला तिथे टपरीवरची आमची पोरं दिसतात.

28 एप्रिल 2017ला दुसरा भाग आला. उन्हाचा कहर होता. पुतण्या मित्रांबरोबर पहिल्याच दिवसांत पाहून आला आणि रात्री उशिरा घरात शिरला तो न बोलता. आत्या जागी होती. तिने विचारलं, कोनाचा हुकूम होता? तो म्हणाला, आईचा. शिवगामीचा. तिला फसवलं गेलं होतं, आणि तिने कटप्पाला सांगितलं होतं, तू मार, नाहीतर मी मारते. आत्याने मान हलवली. आपलं बरोबर आलं याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर नव्हता.

मग तो हळूहळू सांगत गेला. वार झाल्यावरही बाहुबली कटप्पाला दोष देत नाही, आईकडे लक्ष ठेव म्हणतो. आडवा पडत नाही. बसतो. बसल्या बसल्या आपल्या राज्याचा, माहिष्मतीचा जयजयकार करतो आणि तसाच जातो. पुतण्याचे एवढ्या दिवसांचे तर्क, तो दुसरा साक्षीदार, तो मर्म चुकवलेला वार, यातलं काही त्याने काढलं नाही. आपण चुकलो असंही म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, “तोंड दिसलं काका त्याचं. चांगलं दिसलं.” आणि जेवायला बसला.

त्या वाक्याने मी आतून हललो. पुराव्याने तो हरला नव्हता. त्याला कापड बाजूला करून दाखवलं गेलं होतं. दोन वर्षं मयतीला पोचायचा राहिलेला तो मुलगा त्या दिवशी पोचला.

नंतर पहिला भाग पुन्हा पाहिला तेव्हा ध्यानात आलं की राजामौलींनी आणि कथा लिहिणाऱ्या त्यांच्या वडिलांनी, विजयेंद्र प्रसाद यांनी, उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं. बाहुबलीचा मुलगा महेंद्र माहिष्मतीत शिरतो आणि लोक त्याला पाहून थबकतात. तो कोण हे त्याला स्वतःलाही ठाऊक नाही. त्यांना नाव, गाव, कुळी काही लागत नाही. चेहरा पुरतो. बाहुबली, बाहुबली, असा एकच घोष उठतो. आणि कटप्पा, ज्याने त्या चेहऱ्यामागचा देह स्वतःच्या हाताने पाडला, तो धावत येऊन त्याचा पाय आपल्या डोक्यावर घेतो. प्रभासने बाप आणि मुलगा दोन्ही केले, ही सिनेमाची सोय आहे हे मला कळतं. पण सोय म्हणून ते उरत नाही. त्या पायाखाली डोकं ठेवताना कटप्पाला काय झालं असेल? मुख तेवढं परत आलं होतं. बाकीचं येणार नव्हतं, आणि ते का येणार नाही हे त्या गर्दीत त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

तिथून मी पुन्हा परशुरामाच्या त्या दुसऱ्या मागणीवर येतो. तिला आठवू नये. आईला मारणाऱ्या मुलाने मागितलेली ही सर्वात प्रेमाची गोष्ट आहे की स्वतःला वाचवणारी, हे मी कितीदा तरी ठरवायला बसलो. कधी वाटतं, तिचं दुःख वाचावं म्हणून त्याने मागितलं. कधी वाटतं, तिच्या नजरेला नजर देता यावी म्हणून. दोन्ही खरं असेल. कटप्पाला असं काही मागता आलं नाही. तो पंचवीस वर्षं त्याच महालात गुलाम म्हणून राहिला, ज्याला मारलं त्याच्या बायकोला साखळदंडात पाहत राहिला, आणि मुलगा समोर आला तेव्हा त्याने कबुली दिली. मी मारलं. लोकांनी त्या वाक्यातला ‘का’ उचलला. मला त्यातला ‘मी’ जड वाटतो.

2025च्या ऑक्टोबरअखेरीला दोन्ही भाग जोडून एकच लांबलचक ‘बाहुबली’ पुन्हा चित्रपटगृहांत आला. पुतण्या आता पुण्यात नोकरीला आहे. तिथे मित्रांबरोबर जाऊन बघून आला. काही दिवसांनी त्याचा फोन आला, आवाजात जुना उत्साह. एका ॲनिमेशनपटाची घोषणा झाली आहे, आणि त्याची गोष्ट बाहुबलीच्या मरणानंतर सुरू होते. मेल्यावर तो संपत नाही. दुसऱ्याच जगात जातो, तिथे लढतो. “म्हटलं होतं ना काका!”

फोन स्पीकरवर होता. आत्याला आता ऐकू कमी येतं, पण बाहुबलीचं नाव तिला पोचलं. तिने मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. देह इथेच राहिला का? राहिला. बायको संग नाही? नाही. लेकरू? तेही नाही. मग ती फोनजवळ सरकली आणि तिने पुतण्याला विचारलं, “त्याले तिकडं आठोते का रे, कोनं मारलं थे?”

पुतण्या म्हणाला, अजून पूर्ण आला नाही आजी, थोडंसंच दाखवलं आहे, कळेल. आत्याचं त्यावर समाधान झालं नाही. आठवत असेल तर तो तिथे लढूच शकणार नाही, आणि आठवत नसेल तर त्याच्यासाठी तो वर मागितला कोणी, असं तिचं म्हणणं पडलं. पुतण्याने तिकडे बाइक बाजूला लावली असावी, कारण मागचा रहदारीचा आवाज थांबला. मग तो म्हणाला, थांब आजी, याच्यात दोन शक्यता आहेत, आणि पहिली सांगायला लागला.